आधी कोरडा ब्रश

पठारावरून आमच्या उराख गावात उतरणारा घाट फार उभा आहे. गाड्या खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून करपल्यासारखा वास सुटलेला असतो आणि पुढची दोन चाकं काळी पडलेली असतात. घाटाच्या पायथ्याशी एक गॅरेज होतं. माझा बाबा, ऑयगेन श्लोटरबेक, तिथं एकोणचाळीस वर्षं कामाला होता, आणि एवढ्या वर्षांत त्याने मुख्यतः एकच काम केलं, ब्रेकचं. इंजिनात त्याला रस नव्हता. इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरी येतो, असं तो म्हणायचा आणि वाक्य तिथंच सोडून द्यायचा.

ब्रेकचं काम म्हणजे धूळ. चाक काढायचं, ड्रम काढायचा, आत साठलेला काळा भुगा हवा मारून उडवायचा, लायनर बदलायचे. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा भुवया, नाकपुड्या, डांगरीच्या घड्या, सगळं राखाडी झालेलं असायचं. डांगरी जिन्यातच उतरवायची असा आईचा दंडक होता. आई मग ती अंगणात नेऊन दोन्ही हातांनी जोरजोरात झटकायची आणि मगच मशीनमध्ये टाकायची, नाहीतर पांढऱ्या चादरींना डाग पडायचे.

आईचं नाव एल्फ्रीडे, बाबा तिला फ्रीडल म्हणायचा. सकाळी ती बेकरीत ब्रेड विकायची, दुपारी घरी यायची. तिचे हात फार लहान होते. मी दहा वर्षांची झाले तेव्हाच माझे हात तिच्याएवढे झाले होते. त्या हातांमुळेच चाकांचं काम तिच्याकडे आलं.

आमच्याकडे वर्षातून दोनदा चाकं बदलतात. ऑक्टोबरात बर्फावर चालणारी हिवाळ्याची चढवायची, ईस्टरला उन्हाळ्याची. उतरवलेली चाकं तळघरात ठेवायची, आणि ती मळकी ठेवणाऱ्या माणसाकडे आमच्या भागात कुणी कॉफीलासुद्धा जाणार नाही. गॅरेजच्या गिऱ्हाइकांना चाकं धुऊन हवी असायची. गॅरेजात कुणाला वेळ नसायचा. मालकाने बाबाला विचारलं, बाबाने आईला विचारलं, आणि आमच्या अंगणात चाकं यायला लागली. भिंतीला लागून चार-चारच्या उतरंडी उभ्या असायच्या, प्रत्येकीवर खडूने मालकाचं नाव लिहिलेलं.

काम कसं करायचं ते बाबाने तिला शिकवलं होतं. "आधी कोरडा ब्रश. आधी पाणी मारलंस तर धुळीचा चिखल होतो, कोपऱ्यात जाऊन बसतो, मग दुप्पट वेळ जातो. कोरडं झाडून घे, मग साबणाचं पाणी. नटांच्या भोकांना दात घासायचा ब्रश. पुसून कोरडं झालं की मेणाचा एक हात, म्हणजे पुढच्या वेळी धूळ धरत नाही."

आई ठेंगण्या स्टुलावर बसायची, चाक पुढ्यात आडवं घ्यायची, रिमच्या दोन दांड्यांच्या मधे हात घालून झाडायची. तिचं काम बघायला लोक थांबायचे. तिने झाडलेल्या रिममध्ये तोंड दिसायचं. मी शाळेतून आले की शेजारी बसून मेण लावायचे. आम्ही दोघी बोलत असायचो, आणि मधेच ती शिंकायची, मग मी शिंकायचे, आणि आम्ही हसायचो. ही माझी लहानपणची सगळ्यात चांगली आठवण आहे. दुसरी इतकी चांगली मला शोधूनही सापडत नाही.

शहाऐंशी साली मी शिकायला बाहेर पडले. आईने आणखी चार वर्षं चाकं केली, मग मालकाने धुवायचं यंत्र घेतलं आणि ते संपलं. बाबा दोन हजार साली निवृत्त झाला. मी गावातच औषधांच्या दुकानात लागले होते, घरं दहा मिनिटांच्या अंतरावर. सगळं ठीक चाललं होतं.

२०१६च्या ऑक्टोबरात जिना झाडायची पाळी आमच्या घराची होती. आई त्र्याहत्तर वर्षांची होती आणि जिना दुसऱ्या कुणाला झाडू देत नव्हती. दोन पायऱ्या झाडायची आणि कठड्याला टेकायची. खालच्या मजल्यावरची केशेले बाई दार उघडून म्हणाली, "फ्रीडल, जिना झाडतेयस की जिन्यातच राहायला आलीस?"

आई हसायला लागली आणि तिला ते हसणं पुरं करता आलं नाही. केशेले बाईने मला दुकानात फोन केला.

फुफ्फुसात पाणी झालं होतं. पठारापलीकडच्या शहरात मोठं इस्पितळ आहे, तिथं दीड लिटर पाणी काढलं, एक तुकडा तपासायला घेतला, आणि दहा दिवसांनी आम्हा तिघांना बोलावलं. डॉक्टरबाई तरुण होती. तिने खुर्ची टेबलामागून काढून आईच्या समोर आणून ठेवली. ते बघूनच मला कळलं.

"श्लोटरबेक बाई, हा कॅन्सर फुफ्फुसाच्या आवरणाचा आहे. तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीने होतो. तुम्ही कधी अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंधित काम केलंय?"

"मी ब्रेड विकला," आई म्हणाली. "सगळा जन्म."

"घराला तसले पत्रे होते?"

"कौलं आहेत."

डॉक्टरबाईने काहीतरी लिहिलं. मग वर न बघता विचारलं, "तुमचे यजमान काय करायचे?"

बाबा शेजारीच बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. "ब्रेक," तो म्हणाला. "मी ब्रेकचं काम करायचो."

"आणि तुमचे कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

आईच म्हणाली, "मी धुवायचे. दुसरं कोण धुणार?" मग तिला आणखी आठवलं आणि मदत होईल अशा बेताने तिने सांगितलं, "चाकंही मीच झाडायचे. सगळ्या गॅरेजची. ही पण असायची माझ्याबरोबर." आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरबाईने माझ्याकडे बघितलं. बाबानेही बघितलं.

किती दिवस, असं आईने विचारलं. वर्षभर, थोडं कमी किंवा थोडं जास्त, असं उत्तर मिळालं. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. बाकीचे उपचार होते, पण डॉक्टरबाईने त्यांच्याबद्दल फार आशा दाखवली नाही, आणि आईनेही फार विचारलं नाही.

परत येताना गाडी बाबा चालवत होता. घाट उतरताना त्याने ब्रेकला पाय लावला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकली आणि इंजिन ओरडत राहिलं. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले.

"ऑयगेन, मागचे लोक शिव्या देतायत," आई म्हणाली.

"देऊ देत."

गावात शिरेपर्यंत त्याने गिअर बदलला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने स्वतःची तपासणी करून घेतली. मीच घेऊन गेले. छातीची एक्स-रे फिल्म काढली, श्वासाची चाचणी झाली, मग त्या बोगद्यासारख्या यंत्रात घातलं. म्हातारा डॉक्टर होता, फिल्मा दिव्यावर लावून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "श्लोटरबेक, तुमची फुफ्फुसं वयाच्या मानाने उत्तम आहेत. थोडे व्रण आहेत, त्यांना काही अर्थ नाही."

"पुन्हा बघा," बाबा म्हणाला.

"मी दोनदा बघितलंय."

"तो सगळा भुगा माझ्या तोंडावर यायचा. माझ्या. ती अंगणात असायची, उघड्यावर. तुम्ही पुन्हा बघा."

डॉक्टरने तिसऱ्यांदा बघितलं. बाहेर आल्यावर बाबा बाकावर बसला आणि म्हणाला, "फिल्म दुसऱ्याची असेल." आत जाऊन फिल्मवरचं नाव वाचून ये, असं त्याने मला सांगितलं. मी गेले, वाचून आले. नाव त्याचंच होतं.

त्यानंतर त्याने गाडी धुणं सोडलं. तोवर दर शनिवारी तो गावाबाहेरच्या धुलाई केंद्रावर जायचा, नाणी टाकून पाणी घ्यायचा आणि चाकांवर अर्धा तास घालवायचा. आता गाडी घाटातून वर इस्पितळात आणि परत खाली, एवढीच जायची, आणि चाकं दर फेरीला काळी होत गेली. मार्चपर्यंत रिमचा मूळ रंग कोणता ते ओळखू येईना.

आई खिडकीत बसून असायची. एका दुपारी मी तिथं असताना ती म्हणाली, "ऑयगेन, चाकं बघितलीस?"

"बघितली."

"केशेले बाई विचारत होती, मी गेले का म्हणून."

"तिला बाकी काही कामं नाहीत."

"मी घरात असताना या दारात असली चाकं कधी उभी नव्हती."

"उद्या बघू."

"हे तू नाताळापासून म्हणतोयस. आताच्या लायनरमध्ये ते अ‍ॅस्बेस्टॉस नसतं ना? तूच सांगितलंस."

"नसतं म्हणतात."

"मग?"

"तेव्हाही नसतंच म्हणायचे," बाबा म्हणाला आणि स्वयंपाकघरात निघून गेला.

आई उठली. मी म्हटलं, कुठं निघालीस, तर म्हणाली, खाली. एकोणीस पायऱ्या उतरायला तिला पाव तास लागला. मी धरायला गेले की हात झटकायची. तळमजल्याच्या कपाटातून तिने ब्रश काढला, गाडीपाशी गेली आणि पुढच्या चाकाशेजारी थेट फरशीवर बसली. तिने ब्रश दांड्यांच्या मधे घातला आणि झाडायला सुरुवात केली. हाताला जुनी सवय होती, तो बरोबर चालत होता.

बाबाने वरून बघितलं असावं. सत्याहत्तर वर्षांचा माणूस, तो जिना कसा उतरला मला माहीत नाही. त्याने तिच्या हातातून ब्रश हिसकावून घेतला. त्यांच्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती, आणि मी त्याला कधी तिच्या हातातून काही हिसकावून घेताना पाहिलं नव्हतं. ब्रश त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला. आईला उचलून भिंतीपाशी बाकावर नेऊन बसवलं. मग नळी जोडली आणि लांब उभं राहून चारी चाकांवर पाणी मारत राहिला. त्यावर औषध फवारलं, लोखंडाची धूळ विरघळवणारं, ते जांभळं होऊन फरशीवर ओघळायला लागलं, आणि तो पुन्हा पाणी मारत राहिला. त्याचे बूट, पँट, सगळं भिजलं. अंगणात गाडी धुवायला नगरपालिकेची बंदी आहे, दंड होतो. केशेले बाई खिडकीत आली होती. तिने पडदा ओढून घेतला.

"चिखल होतोय बघ," आई बाकावरून म्हणाली. "कोपऱ्यात बसेल."

"बसू दे."

वर आल्यावर मी मसूर गरम केले, सोबत श्पेट्झले, म्हणजे अंड्याच्या जाड शेवया, आणि सॉसेज. बाबाने कपडे बदलले नाहीत. ताटाकडे बघत तो म्हणाला, "फ्रीडल, त्र्याऐंशी साली गॅरेजमध्ये एक कागद आला होता."

आईने चमचा खाली ठेवला.

"ब्रेकवर हवा मारायची नाही. धूळ आधी ओली करायची, मग पुसायची. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. का, तेही लिहिलं होतं. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, माझीही घेतली. धूळ ओढून घ्यायचं एक यंत्र आणलं, ते महिनाभरात बिघडलं, मग परत हवाच मारायला लागलो."

"आणि घरी?" हे मी विचारलं.

"घरी मी बोललो नाही." त्याने माझ्याकडे बघितलं नाही, तो आईशीच बोलत होता. "ऑक्टोबर जवळ आला होता. साठ गाड्यांची चाकं यायची होती, मी मालकाला हो म्हटलं होतं. ओल्याने करायचं तर तुला दुप्पट वेळ लागला असता. मी म्हटलं, एवढा हंगाम होऊ दे, मग सांगू. मग ईस्टर आला. मग मी विचार करणंच सोडलं."

मग आई म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कागदाचं. तो तुझ्या डांगरीच्या खिशात होता, चार घड्या घालून. खिसे बघितल्याशिवाय मी कधी काही धुतलंय का? उघडला, वाचला."

"वाचलास?" बाबाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग बोलली का नाहीस?"

आईला थोडा वेळ श्वास घ्यावा लागला. "मला वाटलं, माझ्यासाठी काही असेल तर ऑयगेन सांगेल."

यात टोमणा नव्हता. मी तिला चाळीस-पन्नास वर्षं ओळखत होते, टोमणा असता तर मला कळला असता. जे झालं ते तिने सांगितलं. मग तिने व्हिनेगरची बाटली मागितली, मसुरांवर चार थेंब घातले आणि दोन घास खाल्ले.

त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही. तिने त्याला माफ केलं असं म्हटलं नाही, दोषही दिला नाही. मला वाटतं तेवढा श्वास तिच्याकडे शिल्लक नव्हता. बाबा रात्री पलंगाशेजारी खुर्ची टाकून झोपायला लागला. तिला उशी उंच लागायची आणि सरकली की परत लावावी लागायची. जूनमध्ये ऑक्सिजन घरी आला. जुलैत मॉर्फिन सुरू झालं, आमच्याच दुकानातून मी न्यायचे. ऑगस्टच्या नवव्या तारखेला दुपारी तीनच्या सुमारास ती गेली. बाबा तेव्हा बेकरीत गेला होता, तिला लोणी लावलेला ब्रेट्झेल, तो पिळाचा खारा पाव, खावासा वाटत होता म्हणून. तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला, मग स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मातीनंतर महिन्याभराने तो म्हणाला, अर्ज करायचाय. कामामुळे झालेल्या आजारांची नोंद करणारं एक कार्यालय आहे, तिथं. मी फॉर्म भरले, डॉक्टरबाईने अहवाल दिला. सात महिन्यांनी उत्तर आलं. दिवंगत व्यक्ती संबंधित ठिकाणी नोकरीत नव्हती. कपडे धुणं हे घरकाम आहे. चाकांच्या बाबतीत, ती कौटुंबिक स्वरूपाची मदत होती. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.

त्याने स्वतःच्या हाताने चार पानी पत्र लिहिलं. वर्षाला किती चाकं, कोणत्या महिन्यात, कोणता ब्रश. त्र्याऐंशीच्या कागदाबद्दलही लिहिलं, काही न लपवता. उत्तर तेच आलं, तारीख फक्त वेगळी.

"बाबा, सोड आता," मी म्हटलं. "चार पैसे मिळाले तरी काय करणार आहेस?"

"पैसे कोण मागतंय? त्यांनी लिहून द्यावं."

"काय लिहून द्यावं?"

"ती कशाने गेली ते. आणि कुणामुळे."

"ते असं लिहीत नाहीत."

"मला माहीत आहे लिहीत नाहीत," तो म्हणाला. पत्रं त्याने खणात ठेवली आणि पुन्हा काढली नाहीत. गाडी मला दिली. शनिवारी तो घरीच बसायचा. मी जायचे, सूप करायचे, कधी तो बोलायचा, बहुतेकदा नाही. केशेले बाई केक घेऊन यायची आणि उगीच मोठ्याने बोलायची. तो ऐकून घ्यायचा आणि ती गेली की केक मला बांधून द्यायचा.

आमच्यात एकच गोष्ट ठरल्यासारखी व्हायची. डॉक्टरबाईच्या सांगण्यावरून मी दर नोव्हेंबरात माझी तपासणी करून घेते. मी त्याला सांगितलं नव्हतं, पण त्याने तारीख कुठून तरी काढली, आणि त्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळेला त्याचा फोन यायचा.

"काय म्हणाले?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"फिल्मवर नाव वाचलंस?"

"वाचलं."

"बरं." आणि फोन ठेवून द्यायचा.

२०२१च्या नोव्हेंबरात तो अंथरुणावर होता. हृदय थकलं होतं, फुफ्फुसं अजून चांगली चालत होती. मी तपासणीहून थेट त्याच्याकडे गेले.

"काय म्हणाले, डोर्ले?"

"स्वच्छ आहे."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग त्याने विचारलं, "तू शेवटचं चाक कधी केलंस?"

"शहाऐंशीत. शाळा संपली तेव्हा."

"आणि हे यायला किती वर्षं लागतात?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी औषधांच्या दुकानात काम करते, मला खोटं नीट बोलता येतं. पण त्याने बराच काळ हे सगळं वाचलेलं होतं, आकडा त्याला माझ्याइतकाच ठाऊक होता. "तीस," मी म्हटलं. "चाळीस. कधी पन्नास."

त्याचे ओठ हलत राहिले. तो मोजत होता.

"म्हणजे संपलेलं नाही," तो म्हणाला.

"नाही, बाबा."

त्याने माझा हात धरला, उलटा केला, तळव्याकडे बघत राहिला. मी त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. लहान असताना आम्ही अंगणात किती हसायचो ते सांगावं असं मनात आलं, पण ते त्याला ऐकवणं क्रूरपणाचं झालं असतं. बाहेर अंधारून आलं तसा मी दिवा लावला आणि सूप आणलं. तो चार चमचे प्यायला.

जानेवारीत तो गेला, झोपेत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही.

माझी यंदाची तारीख सतरा नोव्हेंबर आहे, सकाळी साडेनऊ. घाट चढून जावं लागतं, म्हणून साडेआठला निघते.